जोत्यावरून शहर कसं काढायचं?

तुमच्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. कशेळ्याच्या आसपास एखादं मातीचं घर शाकारायचं राहिलं, की काही पावसाळ्यांत भिंती विरघळतात. मागे उरतं दगडी जोतं.

इराकमधल्या निमरूदचं असंच झालं. बायबलमधलं कालह ते हेच. लेयार्ड यांनी १८४५ मध्ये तिथे खणायला घेतलं, तेव्हा भिंतींच्या खालच्या कोरीव शिळा आणि दारातले पंखांचे बैल सापडले. वरच्या कच्च्या विटा आणि छप्पर केव्हाच मातीत गेलं होतं. तरीही १८५३ मध्ये या नगरीच्या महालांचं रंगीत चित्र छापलं गेलं. मूळ कल्पना जेम्स फर्ग्युसन यांची.

हे तेच फर्ग्युसन, ज्यांनी आपल्याकडच्या लेण्यांचा अभ्यास केला. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात बघा: वासे, कठडे, जाळ्या सगळं दगडात, पण घडण लाकूडकामाची. म्हणजे उरलेला दगड हरवलेल्या लाकडाची साक्ष देतो.

हाच तर्क त्यांनी निमरूदला लावला. इराणमधल्या पर्सेपोलिसचे दगडी खांब पाहून त्यांनी इथे लाकडी खांबांचा वरचा मजला चढवला. पण पर्सेपोलिस उभं राहिलं, ते निमरूद पडल्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी! तसा मजला खोदकामात मिळालेला नाही. चित्र बघणाऱ्याला मात्र पुरावा कुठे संपला, ते कळत नाही.

म्हणून तुम्ही काढाल तेव्हा एवढंच करा: सापडलेलं शाईने, अंदाज पेन्सिलने.