लोखंड घासून ऑइलची पारख होते का?

द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टरशिवाय एक दिवस निघत नाही. ढगाळ हवा आली, पहाटे धुकं पडलं की डाऊनीच्या धास्तीनं ब्लोअर जोडावाच लागतो. निफाड असो, दिंडोरी असो, त्या दिवशी सगळ्या गावालाच फवारणी करायची असते. अशा वेळी इंजिनाचं काम निघालं तर भाड्यानंही ट्रॅक्टर मिळत नाही. म्हणून ‘इंजिन दुप्पट टिकेल’ असं कुणी म्हटलं की शेतकरी थांबून ऐकतो. ऐकावंच. पण ऐकल्यावर दोन प्रश्न विचारावेत, एवढ्यासाठी हा लेख.

कृषी प्रदर्शनात, आठवडे बाजारात एक छोटं यंत्र मांडलेलं अनेकांनी पाहिलं असेल. विजेच्या मोटारीवर पोलादी कडी फिरते. तिचा खालचा भाग ऑइलच्या वाटीत बुडतो. वरून बेअरिंगचा रोलर दांडीनं दाबतात. वाटीत आपल्या नेहमीचं ऑइल असलं की थोड्या वजनातच कर्रर्र आवाज येतो, मोटार अडते आणि रोलरवर खोल घळ पडलेली दिसते. मग त्याच वाटीत बाटलीतलं ‘औषध’ टाकतात. आता दांडीवर माणूस लोंबकळला तरी मोटार चालूच. रोलरवर ओरखडा जेमतेम. ‘बघा दादा, हातात घेऊन बघा, तुमच्या इंजिनात हेच चाललंय!’ मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींतही हाच प्रयोग असतो.

डोळ्यांना दिसलं ते खोटं नसतं. रोलर खरोखर कमी घासला. प्रश्न एवढाच, की इंजिनात खरंच तेच चाललेलं असतं का?

यंत्र मुळात कशासाठी?

ही कल्पना टिमकेन या अमेरिकन बेअरिंग कंपनीच्या चाचणी यंत्रावरून आली. त्या यंत्राचा उपयोग जड दाबाखाली चालणाऱ्या गिअर ऑइलची आणि ग्रीसची ताकद पाहण्यासाठी होता. पुढे अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेनं त्याची रीतसर पद्धत ठरवली. तिचा क्रमांक डी २७८२. अशीच दुसरी चाचणी चार गोळ्यांची, डी ४१७२. तीन गोळ्या घट्ट बसवायच्या, चौथी त्यांच्यावर मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरवायची. ४० किलो वजन, ७५ अंश तापमान, बरोबर एक तास. मग गोळीवरचा घासल्याचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा.

प्रयोगशाळेत वजन, वेग, तापमान, धातू सगळं बांधलेलं असतं. तरीही या पद्धतीच्या कागदातच सांगितलं आहे, की प्रत्यक्ष वापराशी हा निकाल जुळतो की नाही याची खात्री वापरणाऱ्यानं स्वतः करून घ्यावी. प्रदर्शनातल्या टेबलावर तर यातलं काहीच बांधलेलं नसतं. दांडी हातानं दाबलेली, ऑइल किती तापलं ते कुणी मोजलेलं नाही, कडी आधीच्या प्रयोगात गुळगुळीत झाली की खरबरीत तेही माहीत नाही. शिवाय प्रयोग एकदाच. एका वाफ्यातलं एक कणीस पाहून वाणाचं उत्पन्न सांगण्यासारखंच हे झालं.

इंजिनात काय चालतं?

विहिरीवर, नदीकाठी वर्षानुवर्षे पाणी उपसणारं किर्लोस्करचं एव्ही-१ इंजिन घ्या. पाच हॉर्सपॉवर, ८० मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, मिनिटाला १५०० फेरे. त्याचा क्रँक फिरू लागला की बेअरिंगला टेकत नाही. फिरण्याच्या जोरानं ऑइल फटीत ओढलं जातं आणि त्याच्या पातळ थरावर क्रँक तरंगतो. इथं लोखंडाला लोखंड लागतच नाही. म्हणून इथं महत्त्व ऑइलच्या जाडीला, पुरेशा दाबाला आणि स्वच्छतेला.

पिस्टनच्या रिंगांची गोष्ट वेगळी. मधल्या वाटेवर त्याही ऑइलवरून घसरतात. पण पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेही मिनिटाला १५०० वेळा. तिथं वेग शून्य, उष्णता जास्त आणि थर फाटतो. कॅम आणि टॅपेटमध्येही असंच घर्षण होतं. त्यासाठी इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक रसायन घातलेलं असतं. धातू तापला, घासला की ते पृष्ठभागावर काचेसारखा थर धरतं आणि स्वतः झिजून लोखंड वाचवतं.

आता टेबलावरचा रोलर पाहा. त्याचा कडीला स्पर्श रेघेएवढा. दांडीमुळे वजन कितीतरी पट वाढतं आणि ते त्या रेघेवर येतं. क्रँकच्या बेअरिंगवर असा दाब कधी येतच नाही. रोलरला काजळी नाही, धूळ नाही, डिझेलचा अंश नाही, आम्ल नाही, २५० तासांची चाकरीही नाही. इंजिन झिजवणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक त्या वाटीत नसतातच.

चांगलं ऑइल इथं नापास का होतं?

इंजिन ऑइलला एक नव्हे, अनेक कामं असतात. काजळी धरून ठेवायची, पिस्टन धुवायचा, डिझेलच्या ज्वलनातून होणारं आम्ल मारायचं, गंज रोखायचा, उष्णता वाहून न्यायची. त्यासाठी घातलेली धुणारी द्रव्यं धातूवर जागा मिळवण्यासाठी झीज रोखणाऱ्या द्रव्याशी स्पर्धा करतात. त्यामुळे इंजिन स्वच्छ ठेवणारं ऑइल रोलरखाली कमकुवत दिसू शकतं. उलट, क्लोरीनयुक्त द्रव्य टाकलं की रोलर लगेच वाचतो, कारण क्लोरीन दाबाखाली लोखंडावर चटकन थर धरतं. असली द्रव्यं धातू कापण्याच्या कामात उपयोगी पडतात. पण इंजिनात उष्णता आणि ज्वलनातली वाफ मिळाली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं आणि ते बेअरिंगचं तांबं-शिसं खातं. रोलर वाचला आणि बेअरिंग गेलं, असा हा व्यवहार.

अमेरिकेतले दोन दाखले बोलके आहेत. ‘स्लिक ५०’ या टेफ्लॉनच्या औषधाच्या जाहिरातीतले झीज कमी होण्याचे दावे पुराव्याविना आहेत, असा आक्षेप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं घेतला. १९९७ साली त्यात तडजोड झाली. दुसरं ‘झीमॅक्स’. एल-३८ ही एका सिलिंडरच्या इंजिनावरची प्रमाणित चाचणी. तीत हे औषध घातलेल्या ऑइलमध्ये बेअरिंगचा गंज नुसत्या ऑइलच्या दुपटीहून जास्त निघाला, असं कमिशनचं म्हणणं होतं. २००३ साली दहा लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

मग खरी परीक्षा कोणती?

इंजिनाची परीक्षा इंजिनातच. डब्यावर एपीआय सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी अक्षरं असतात. या श्रेणी अनुक्रमे १९९८, २००२ आणि २०१६ सालच्या. त्या मिळवायला ऑइल खऱ्या इंजिनांत चालवावं लागतं. कॅटरपिलरची एक चाचणी २५२ तासांची, मॅकची एक ३०० तासांची. शेवटी इंजिन खोलून लायनरची झीज मोजतात, रिंगा वजन करून पाहतात, पिस्टनवर साचलेल्या कार्बनला गुण देतात. आपल्याकडे इंजिन ऑइलसाठी भारतीय मानक आयएस १३६५६ आहे. डेहराडूनची पेट्रोलियम संस्था १९६० पासून आणि इंडियन ऑइलचं फरिदाबादचं संशोधन केंद्र १९७२ पासून या क्षेत्रात आहे. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते. तिथंही ठरलेले तास चालवून इंजिन उघडतात आणि भागांची झीज मोजून अहवालात लिहितात.

छोटी चाचणी अगदीच फुकट आहे का? तसं नाही. गिअर ऑइल, ग्रीस यांची आपसांत तुलना करायला, कारखान्यात नवं रसायन तपासताना पहिली चाळणी म्हणून ती उपयोगी पडते. चूक तिथं होते, जिथं चाळणीचा निकाल शेवटचा निकाल म्हणून विकला जातो.

‘माझ्या ट्रॅक्टरात टाकलं, आवाज कमी झाला’ असं सांगणारेही भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण औषधाबरोबर ऑइलही नवं टाकलेलं असतं, आणि जाड द्रव घातला की जुन्या इंजिनाचा आवाज दबतोच. झीज थांबली की नाही हे त्या आवाजावरून कळत नाही.

शेतकऱ्यानं घरी काय पाहावं?

पहिलं म्हणजे वही. तासमीटरचा आकडा, ऑइल बदलल्याची तारीख आणि मधे किती भर घातली ते लिहा. शंभर तासांना लागणारं ऑइल वाढत गेलं आणि धूर निळा दिसू लागला, तर रिंगा, लायनर दाखवायची वेळ झाली.

दुसरं, डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली तर आनंद मानू नका. डिझेल किंवा पाणी उतरतंय. ऑइल ताकासारखं दिसलं तर पाणी नक्की. इंजिन चालू न करता मिस्त्रीला बोलवा.

तिसरं, टिपकागदावर एक थेंब टाका. काजळी सारखी पसरली तर ऑइल अजून ती धरून ठेवतंय. मधे काळा गोळा आणि बाहेर पिवळं कडं राहिलं तर बदलायला झालं. यातून ऑइलची दशा कळते, लोखंडाची झीज मात्र कळत नाही.

चौथं आणि सगळ्यात मोठं, एअर क्लिनर. कांदा निघाल्यावर उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालतो तेव्हा ट्रॅक्टर धुळीच्या ढगात असतो. ऑइलबाथच्या वाटीतलं ऑइल चिखल झालं किंवा होजची क्लिप सैल राहिली, तर ती बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. मग कुठलंही औषध लायनर वाचवू शकत नाही.

ज्यांच्याकडे अवजारे बँक आहे त्यांनी वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यायला हरकत नाही. लोह आणि सिलिका किती ते कळतं. पण एका अहवालावर निर्णय नको. त्याच ट्रॅक्टरचे तीन-चार अहवाल लागोपाठ ठेवून आकडा चढतोय का ते पाहावं. मोठे कण या तपासणीत सुटतात, हेही ध्यानात ठेवावं.

ग्रामपंचायतीच्या जनरेटरसाठी किंवा गटाच्या ट्रॅक्टरसाठी कुणी औषध सुचवलं, तर खरेदीआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणत्या प्रमाणित इंजिन चाचणीत हे तपासलं, इंजिन बनवणाऱ्या कंपनीची याला संमती आहे का, आणि वॉरंटी राहील का. पक्कं बिल आणि बॅच नंबर घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. मात्र हातात कागद हवा.

छाटणीआधी ऑइल बदलताना ट्रॅक्टरची पुस्तिका काढा. तिच्यात सांगितलेला ग्रेड आणि श्रेणी सीलबंद डब्यावर जुळवून घ्या. फिल्टर त्याच वेळी बदला, एअर क्लिनर धुवा आणि तासमीटरचा आकडा वहीत टिपा. बाटलीचे पैसे वाचले तर त्यात फिल्टर येतो.