नियोजन आणि वाफसा



जून आला की आपण सगळेच वेळापत्रकं करायला बसतो. शाळेत वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन, रोजचं टाचण. घरी भिंतीवर अभ्यासाचा तक्ता. पंधरा दिवसांनी काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. तक्ता भिंतीवर राहतो आणि घर आपल्या चालीनं चालतं. मग काही पालक म्हणतात, "मॅडम, ठरवून काही होत नाही, वेळेवर पाहू." काही पालक मात्र त्याच तक्त्यापायी मुलाशी रोज भांडतात. या दोन टोकांच्या मधला रस्ता मला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पेरणीत दिसला, म्हणून हा लेख.

शेतकऱ्याइतकं आधीपासून ठरवणारा माणूस शोधून सापडणार नाही. उन्हाळ्यातच नांगरट होते, वखराच्या पाळ्या होतात, शेणखत पडतं. कोणत्या वावरात सोयाबीन, कुठे कपाशी, तुरीच्या ओळी किती, हे सगळं ठरलेलं असतं. पण त्याला विचारा, "पेरणी कोणत्या तारखेला?" तो तारीख सांगत नाही. म्हणतो, "वाफसा आला की."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही नीट असण्याची अवस्था. माती ना चिखल, ना कोरडी. मूठभर माती हातात दाबून पाहायची, तिचा गोळा व्हावा आणि बोटानं दाबला की फुटावा. हे घरी बसून कळत नाही, बांधावर जावं लागतं. कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. म्हणजे काय, तर तारीख पक्की नाही, अट पक्की आहे. पहिल्याच सरीवर जो पेरतो त्याच्यावर पावसानं उघडीप दिली की दुबार पेरणीची वेळ येते. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. (कपाशीची धूळपेरणी करणारेही आहेत. तो जाणूनबुजून घेतलेला धोका असतो, त्याला घाई म्हणता येणार नाही.)

आता याची दुसरी बाजू पाहा, कारण 'वेळेवर पाहू' म्हणणारे इथेच फसतात. वाफसा आल्यावर हातात दिवस थोडेच असतात. त्या दिवशी जो बियाणं शोधायला निघेल, तो कृषी केंद्राच्या रांगेतच राहील. ऐनवेळी निर्णय घेता येतो तो ज्याची तयारी झालेली आहे त्यालाच.

२०२३ चा खरीप आठवा. बिपरजॉय चक्रीवादळ येऊन गेलं आणि आपल्याकडे पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यावर गेला. पेरण्या जुलैत गेल्या. २२ जुलैला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत असा पाऊस कोसळला की नदी-नाल्यांना पूर आले, शेतं खरडून गेली. आणि त्यानंतरचा ऑगस्ट? देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. उशीर, अतिवृष्टी आणि खंड, तिन्ही एकाच हंगामात. कोणत्या तक्त्यात हे बसवणार?

त्याच जुलैतली माझ्या चौथीच्या वर्गातली गोष्ट. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे आमचे पहिले दिवस आणि पेरणी अनेकदा एकत्रच येतात. टाचणात होतं 'संख्यावाचन'. मी फळ्यावर तारीख लिहीत होते, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माह्या बाबानं शंभर दाने मोजून ओल्या पोत्यात गुंडाळले होते. साठच निंघाले." मी म्हणाले, "ते नंतर. आधी पान उघडा." तो गप्प बसला. मी टाचण पूर्ण केलं, सहीसुद्धा केली. मधल्या सुट्टीत पाहते तर वऱ्हांड्यात पाच-सहा पोरं खडे मांडून शंभरातून साठ बाजूला काढत होती. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. जो आकडा त्या घराचं वर्ष ठरवणार होता, त्याला मी 'नंतर' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. सोयाबीनची उगवण तपासायची पद्धत मुलांनीच सांगितली. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, पाच-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, कमी निघाले तर बियाणं वाढवायचं. मग आम्ही हिशेब मांडला. एकरी सत्तराला तीस, तर साठाला पस्तीस. चार एकरांना १२० किलोऐवजी १४० किलो. वीस किलो जास्त लागणार. हे कळलं नसतं तर शेत विरळ उगवलं असतं. गुणाकार आला, भागाकार आला आणि संख्यावाचनही झालं. टाचण नसतं तर मुलांना नेमकं काय शिकवायचं राहिलंय हे मला त्या क्षणी सुचलं नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगते.

शेतकऱ्याकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे आंतरपीक. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं. तूर पाच-सहा महिने उभी राहते आणि तिची मुळं खोल जातात. ऑगस्टमध्ये खंड पडला तर सोयाबीनची फुलं-शेंगा गळतात, पण तूर पुढच्या पावसावर सावरू शकते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकणारा माणूस काय करतो? एक बेत फसला तर दुसरा आधीच जमिनीत पेरून ठेवतो. नियोजनात अशी मोकळी जागा आधीच सोडावी लागते, ती आपोआप उरत नाही.

घरी हे कसं करायचं? 'संध्याकाळी ६ ते ७ अभ्यास' ही तारीख झाली. त्या वेळी लाईट जाते, पाहुणे येतात, आईला वावरातून यायला उशीर होतो. त्याऐवजी 'जेवणाआधी गृहपाठ झालेला आणि दप्तर भरलेलं' ही अट ठेवून पाहा. तो पाचला करेल नाहीतर साडेसातला. उशीर झालाच तर किती सोडायचं तेही आधीच बोलून ठेवा, जसं मूग-उडीद जुलैचा पहिला आठवडा सरला की पेरायचे नाहीत, हे ठरलेलं असतं. झोपेची वेळ मात्र पक्कीच ठेवा, तिथे मी तडजोड करणार नाही. आणि रविवारची दुपार कोरी सोडा. मूल त्या वेळात मातीत खेळत बसलं तरी बसू द्या. पालकांना सगळ्यात जड हेच जातं, रिकामं बसलेलं मूल बघवत नाही ना!

मी आता टाचणात आठवड्यातला एक तास कोरा ठेवते. तपासणीला आलेल्यांनी विचारलं तर सांगते, ही तुरीची ओळ आहे. गेल्या पावसाळ्यात त्या तासाला पोरांनी डबीत वाणी आणले, सोयाबीनचे कोवळे कोंब खाणारा तो बहुपायी किडा. हात लावला की नाण्यासारखा गोल होतो, म्हणून त्याला पैसाही म्हणतात. पाय मोजण्यात अख्खा तास गेला आणि कोणाचंच उत्तर दुसऱ्याशी जुळलं नाही. वजाबाकी सोमवारी घेतली.