बॉनेटखालची प्रामाणिक नोंद

जुन्या पेढीची खतावणी उघडली की कागद पिवळा पडलेला असतो, शाई फिकटलेली असते. तरीही त्या पानावर विश्वास बसतो. याउलट एखाद्या पानावर खाडाखोड करून नवी शाई चढविलेली दिसली, तर अनुभवी व्यापारी तेथेच थबकतो. जुन्या मोटारीचे बॉनेट उचलणाऱ्या जाणकाराची नजरही नेमकी अशीच असते. इंजिनकक्ष किती चकाकतो, हे तो पाहत नाही. कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवशी तो जसा होता तसा आज आहे काय, हे पाहतो.

इंदापूर तालुक्यातील वरकुटे व आसपासच्या गावांना या विषयाशी जोडणारा एक धागा आहे. याच तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बहरलेल्या ऊसमळ्यांच्या परिसरात वालचंदनगर वसले. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते शेठ वालचंद हिराचंद सोलापूरच्या दोशी या जैन व्यापारी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मले. साखर, जहाजे व विमाने यांबरोबरच देशात मोटार तयार व्हावी हा त्यांचा ध्यास होता. त्यातूनच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या; पुढे फियाट ११०० आली आणि तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली.

याच डॉज आणि प्लिमथ नावांनी साठच्या दशकात अमेरिकेत ‘मसल कार’ गाजविल्या. १९६८ चा प्लिमथ रोड रनर हे त्यांतील ठळक उदाहरण. अशा गाड्यांचे जीर्णोद्धारक आज इंजिनकक्षाचा अभ्यास एखाद्या हस्तलिखिताप्रमाणे करतात. कोणत्या बोल्टला काळपट फॉस्फेटचा थर होता, कोणत्या भागाला मुलामा होता, तपासनिसाने खडूची वा रंगाची खूण कोठे केली होती, याची ते टिपणे ठेवतात. घाईने मारलेल्या रंगाचे शिंतोडे जेथे मूळचे होते, तेथे तेही राखले जातात. क्रोमचा अनावश्यक लखलखाट, आरशासारखा घासलेला ओतीव भाग हे त्यांच्या लेखी दोष ठरतात. मूळ गाडीपेक्षा अधिक सुंदर केलेली गाडी मूळ राहत नाही.

हा नियम आपल्याकडील जुन्या प्लिमथ वा डॉजला लावला, तर बारकाव्यांचे मोल चटकन ध्यानात येते. १९५५ पर्यंतच्या प्लिमथमध्ये विद्युतयोजना सहा व्होल्टची असे आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. व्होल्ट निम्मे असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतप्रवाह दुप्पट लागतो. म्हणून बॅटरीच्या केबल जाड असत. पुढे कोणी ‘नवी छान केबल’ म्हणून बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल बसविली, की स्टार्टर मंदावतो आणि दोष बिचाऱ्या इंजिनाच्या माथी येतो. कापडी वेष्टणाच्या वायरी, तेलात हवा गाळणारा एअर फिल्टर, होस पाईपवरच्या जुन्या पद्धतीच्या क्लिपा यांतही कारखान्याचा विचार दडलेला असतो.

म्हणून कामाचा आरंभ पाना हाती घेऊन होत नाही, तो छायाचित्रांनी होतो. प्रत्येक वायर कोठून वळते, कोणता बोल्ट कोणत्या लांबीचा आहे, हे सुटे करण्यापूर्वी टिपून घ्यावे. निघालेला प्रत्येक भाग नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा. इंजिनाचा रंग ठरविण्यापूर्वी एखाद्या पट्टीखाली वा झाकणामागे, जेथे ऊन आणि रॉकेल पोचले नाही, तेथे मूळ छटा शोधावी. तारेचा ब्रश तेथे फिरला की तो पुरावा कायमचा गेला. गंजलेला जुना बोल्टही नवा मिळेपर्यंत फेकू नये. माप त्याच्यापाशीच असते.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे क्रमांक. इंजिन व चेसिसचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळणे ही गाडीची वंशावळ होय. कधीकाळी इंजिन बदलले असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. क्रमांक घासून नवा ठोकणे ही सजावट नव्हे, खोटी नोंद आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. म्हणजे मूळपणा आता केवळ हौशीचा राहिला नाही, तो कायद्याच्याही कसोटीचा झाला आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता हा वारसा उरला तो बहुतांशी घराघरांतील गोठ्यांत, वखारींत, ताडपत्रीखाली. आजोबांनी पेढीच्या बरकतीच्या वर्षी घेतलेली अशी एखादी गाडी भंगारात देण्यापूर्वी, किंवा हौसेने चकचकीत करण्यापूर्वी, एकदा तिचे बॉनेट उचलून शांतपणे पाहावे. तेलाच्या डागांखाली कुर्ल्याच्या कामगारांचे हात आणि एका सोलापूरकराचा ध्यास अजून वाचता येतो. तो पुसू नये, एवढेच.