आडनाव एक, सवयी दोन!

बालमित्रांनो, गाजरगवतानं अंगाला खाज सुटते ना? ते फस्त करायला परभणीचं कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना मेक्सिकन भुंगे देतं. बंगळूरला ते १९८४ मध्ये सोडले होते. त्यांचं शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलरॅटा! आपल्यासारखंच आडनाव, पण आधी लावलेलं. ग्रीक ‘झायगोन’ म्हणजे बैलांचं जू, ‘ग्रामा’ म्हणजे रेघ. ‘बायकलरॅटा’ म्हणजे दुरंगी. हे नाव पॅलिस्टर यांनी १९५३ मध्ये दिलं.

याच आडनावाचा अमेरिकेतला भाऊबंद मात्र सूर्यफुलाची पानं कुरतडतो! पंखांवर उद्गारचिन्हासारखी रेघ, म्हणून तो ‘एक्स्क्लमेशनिस’. सूर्यफूल तर आपल्या मराठवाड्यातही पिकतं. मग? भुंगा शेतात सोडण्याआधी नुसतं आडनाव नको, पूर्ण नाव विचारायचं बरं का!