खासदाराचं काम मोजायचं कसं? हजेरी, मतं आणि हितसंबंधांच्या आकड्यांबद्दल



राज्यशास्त्र, संख्याशास्त्र किंवा डेटा सायन्सच्या विद्यार्थ्यांकडून हल्ली एक विषय वारंवार ऐकू येतो: ‘खासदारांच्या कामगिरीचं मूल्यमापन’. विषय चांगला आहे. माहिती फुकट मिळते, सरकारी असते आणि भरपूर असते. हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग, मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र असं सगळं मिळतं. एक्सेलमध्ये ५४३ ओळी तयार केल्या, प्रत्येक रकान्याला वजन दिलं, बेरीज केली की क्रमवारी हजर!

पण निवडणुकीच्या तोंडावर अशी क्रमवारी लाखो लोकांच्या फोनवर फिरते. त्यात तळाला गेलेला माणूस खरंच कामचुकार असेल, किंवा तुमचं माप चुकीचं असेल. दोन्हीतला फरक वाचणाऱ्याला कळत नाही, तो तुम्हालाच कळायला हवा. माझं शिक्षण विज्ञानाचं, आणि प्रयोगशाळेत पहिला धडा असतो की उपकरण नेमकं काय मोजतं ते आधी बघा. आज तोच धडा संसदेला लावू.

१. हजेरी: सही म्हणजे काम नव्हे

हजेरीचा आकडा येतो सदस्याने केलेल्या सहीतून. सही करून दहा मिनिटांत बाहेर पडलेला आणि संध्याकाळपर्यंत बसलेला, दोघांची नोंद सारखीच. मंत्री या हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, कारण प्रश्नांची उत्तरं त्यांनाच द्यायची असतात. म्हणजे त्यांच्या ओळीतला शून्य हा शून्य नाही, ती ‘लागू नाही’ अशी रिकामी जागा आहे. हे न पाहता सरासरी काढली तर पहिल्याच पायरीवर विश्लेषण बिघडतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. निलंबित सदस्य सभागृहात येऊच शकत नाही. त्याची गैरहजेरी ‘आळस’ म्हणून मोजायची का? ही गैरहजेरी यादृच्छिक नाही, ती एकाच बाजूच्या सदस्यांकडे झुकलेली आहे. संख्याशास्त्रात आपण याला व्यवस्थित पूर्वग्रह म्हणतो, आणि नमुना मोठा घेतल्याने तो जात नाही.

२. प्रश्न: संख्या मोजताय की नशीब?

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. कोणाचा प्रश्न यादीत यायचा हे सोडतीने ठरतं. म्हणजे ‘विचारलेले प्रश्न’ हा आकडा मेहनत आणि नशीब यांचं मिश्रण आहे. शिवाय एकाच मजकुराचा प्रश्न दोन-तीन सदस्यांच्या नावे एकत्र छापला जातो आणि मोजणीत तो प्रत्येकाच्या खात्यात पडतो.

काळाची तुलना करतानाही जपा. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही, फक्त लेखी उत्तरं मिळाली. त्या अधिवेशनातला तारांकित प्रश्नांचा शून्य कोणत्याही एका खासदाराबद्दल काहीच सांगत नाही.

३. मतदान: अडकलेला काटा

‘अमुक खासदाराने कसं मतदान केलं?’ हा प्रश्न साधा वाटतो. पण आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’वाले ओरडतात, ‘नाही’वाले ओरडतात, अध्यक्ष निकाल सांगतात. कोणाचंही नाव नोंदलं जात नाही. नावं मिळतात ती मतविभागणी झाली तरच. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली, तेव्हा विरोधक मतविभागणी मागत होते. म्हणजे इतक्या वादग्रस्त कायद्यावर कोणत्या सदस्याचं मत काय होतं, याची नावनिशीवार नोंदच उपलब्ध नाही.

घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजणी करावीच लागते. महिला आरक्षणाच्या विधेयकाला सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मतं पडली. नोंद पक्की आहे, पण त्या ४५४ जणांमध्ये फरक करायला ती उपयोगाची नाही.

त्यातच १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. पक्षादेश मोडून मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून नोंदलेलं मत हे बहुतेक वेळा पक्षाचं असतं, माणसाचं नसतं. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सात खासदारांनी पक्षादेश मोडला, पक्षाने त्यांना संसदीय गटातून निलंबित केलं, पण त्यांची जागा गेली नाही. त्यामुळे ब्रिटिश संशोधनातली ‘बंडखोरीचा निर्देशांक’सारखी पद्धत उचलून इथे चिकटवू नका. काटा एकाच आकड्यावर अडकलेला असेल तर त्यावरून तापमानातला बदल कसा कळणार?

४. हितसंबंध: कागद काय सांगतो, काय झाकतो

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणांची माहिती असते. उत्पन्नाचे स्रोतही आता सांगावे लागतात. राज्यसभेत याशिवाय सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे: मानधनाचं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण ठेवण्याइतके शेअर, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम.

‘पाच वर्षांत मालमत्ता तिप्पट’ अशी बातमी तुम्ही वाचली असेल. पण जमिनीचा बाजारभाव वाढला तरी आकडा वाढतो. गंमत म्हणजे हा गुंता सोडवायची सोय त्याच फॉर्ममध्ये आहे. खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि सध्याची अंदाजे किंमत असे वेगळे रकाने आहेत. दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं समोरासमोर ठेवा, जुनी जमीन आणि नवी खरेदी वेगळी करा. काम कंटाळवाणं आहे, पण खरं संशोधन तिथेच आहे.

५. जोडणी: ऊस, कारखाना आणि प्रश्न

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. समजा, पश्चिम महाराष्ट्रातला एक खासदार सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष आहे आणि साखरेवर खूप प्रश्न विचारतो. हितसंबंध सिद्ध झाला? थांबा. त्याच्या मतदारसंघात हजारो ऊस उत्पादक आहेत, त्यांच्यासाठी बोलणं हे त्याचं कामच आहे. वैयक्तिक हित आणि मतदारसंघाचं हित एकाच दिशेला असेल, तर नुसत्या संख्येवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

मग काय करायचं? एक, तुलनेचा गट शोधा: उसाचाच मतदारसंघ, पण कारखान्याशी संबंध नसलेला खासदार. दोन, प्रश्नाचा मजकूर वाचा. इथेनॉलचा दर आणि कारखान्यांची कर्जं हा कारखान्याचा विषय, थकलेली एफआरपी हा आधी शेतकऱ्याचा. कारखान्याशी जोडलेला खासदार पहिल्यावर भरपूर आणि दुसऱ्यावर गप्प असेल, आणि तुलनेच्या गटात तसं दिसत नसेल, तर तुमच्या हाती काहीतरी लागलं. तीन, सहकारात सभासदाच्या शेअरची किंमत किरकोळ असते आणि पद मानद असू शकतं. म्हणजे सत्ता मोठी असूनही कागदावरची रक्कम लहान दिसेल. फक्त रुपये मोजणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते.

प्रश्न विकत घेता येतात, ही भीती नुसती कल्पना नाही. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडल्याचा ठपका आला आणि हकालपट्टीआधीच त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना काढलं गेलं. लक्षात घ्या, या व्यवहारांचा प्रत्येक प्रश्न ‘सक्रिय खासदार’ म्हणून गुण वाढवणाराच ठरला असता.

६. आकड्यात न मावणारं काम

उलट बाजूही आहे. आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. गुणपत्रिकेत त्यापुढे शून्य येईल. पण १९७१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, २४ वी घटनादुरुस्ती झाली आणि तिने हाच अधिकार घटनेत लिहिला. कल्पना चूक की बरोबर यावर वाद घाला, पण तिचा परिणाम शून्य होता असं कोणी म्हणणार नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

प्रत्येक रकान्यासमोर तीन ओळी लिहा: हा आकडा कोणाच्या कोणत्या कृतीतून तयार होतो? कोण त्यातून आपोआप वगळला जातो? आणि हाच आकडा दुसऱ्या कोणत्या कारणाने आला असता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही तर अजून शोधा, ते बहुतेक वेळा असतं.

आणि ५४३ जणांची क्रमवारी लावण्याऐवजी एकाच खासदारापासून सुरुवात करा, शक्यतो तुमच्याच मतदारसंघातल्या. पाच वर्षांचे सगळे प्रश्न वाचून काढा, दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवा. निवडणुकीत तुम्हालाही मत द्यायचंच आहे, तेव्हा हा अभ्यास कुठेच वाया जाणार नाही.