पाण्यापलीकडचा सातबारा

साताऱ्याहून कासच्या पठारावर फुलं बघायला गेलेली माणसं बहुतेक वेळा पुढं बामणोलीपर्यंत जातात. शिवसागर जलाशयात बोटीतून एक फेरी मारायची, फोटो काढायचे, गरम पिठलं-भाकरी खायची आणि दिवेलागणीला घरी परतायचं. महाबळेश्वरला आलेले पर्यटक तापोळ्याला उतरतात आणि 'मिनी काश्मीर' म्हणून हेच पाणी डोळे भरून बघतात. पण पलीकडच्या काठावर, डोंगराच्या कुशीत जी चार-पाच घरं दिसतात, तिथल्या बायका बाजाराला कशा जातात, अडल्यानडल्या वेळी दवाखाना कसा गाठतात आणि ज्या जमिनीवर त्या राबतात ती कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्न बोटीत बसलेल्या आपल्याला सहसा पडत नाहीत.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. ऊस, द्राक्षं, कॅनॉलचं पाणी आणि गावाच्या वेशीत एस.टी. असं सगळं बघत वाढलेली मी. लग्न होऊन साताऱ्यात आले. बचत गटांच्या कामामुळं गेली काही वर्षं जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या या काठच्या गावांत माझं जाणं-येणं असतं. नकाशावर ही गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण पुढं पाणी, मागं सह्याद्रीचा कडा आणि मध्ये जंगल. एखाद्या बेटावरच्या गावाचं जिणं याहून फार वेगळं नसणार.

गाव वर सरकलं, वाट पाण्याखाली गेली

ही बेटं निसर्गानं केलेली नाहीत. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागलं आणि १९६४ पर्यंत धरण पुरं झालं. मागं सुमारे पन्नास किलोमीटर लांब पाणी पसरलं. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. काही गावं रायगड, ठाणे, सोलापूर अशी लांब लांब उठून गेली. काहींनी मात्र पाण्याच्या वर डोंगरउतारावर घरं बांधली आणि तिथंच राहिली. नदीकाठची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. हाती राहिली ती वरकस जमीन. तिथं नाचणी, वरी आणि जमेल तिथं थोडं भात.

आज कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेची वीजनिर्मिती उभी आहे. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि शहरांना या विजेनं मोठा हात दिला, हे कुणी नाकारणार नाही. पण आमच्या गटातल्या एक आजी म्हणतात, "दिवं मुंबईला लागलं, आमच्याकडं अंधारच व्हता की कैक वर्सं."

पुढं १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झालं. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० साली हे दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राखायलाच हवं. पण वाघाच्या जंगलाची हद्द आली की गावकऱ्यांना लाकूडफाटा, गुरं चारणं, रस्ता करणं या साऱ्यावर बंधनं येतात, हेही खरं. वारणेच्या धरणामुळं आणि चांदोलीमुळं उठलेली कितीतरी कुटुंबं आज सांगली जिल्ह्यातल्या वसाहतींत आहेत. त्यामुळं हा विषय साताऱ्यापुरता नाही, सांगलीच्या बायकांच्याही ओळखीचा आहे.

लाँच चुकली की दिवस गेला

पलीकडच्या बाईचा दिवस लाँचच्या वेळेवर चालतो. बाजार, बँक, रेशनचं काम, पोराचा दाखला, सगळ्याला पाणी ओलांडायचं. गाडी न्यायची तर तराफा. लाँच चुकली तर खासगी बोट करायची, आणि ते पैसे बाईच्या कनवटीला असतातच असं नाही. पावसाळ्यात वारा सुटला की बोट निघत नाही. उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. पाणी आटत जातं, काठ लांब पळतो आणि डोक्यावर पीठ-मिठाचं ओझं घेऊन चिखलातून, दगडधोंड्यांतून वर चढायचं. रात्री एखादी बाई अडली तर डालग्यात किंवा चादरीच्या झोळीत घालून चार पुरुषांनी काठापर्यंत आणायचं. गावात धडधाकट चार पुरुष असले तर!

जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली तुम्हाला आठवत असतील. शाळेसाठी त्या स्वतः होडी वल्हवत पाणी पार करायच्या आणि पुढं जंगलातून चालत जायच्या. ही बातमी वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. तेव्हा सगळ्यांनी त्या मुलींचं कौतुक केलं. कौतुक करावं अशाच त्या मुली. पण शाळेसाठी वल्हं मारावं लागणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. अलीकडं या खोऱ्यात पुलांची कामं हाती घेतली गेली आहेत. पूल झाला की दवाखाना जवळ येईल, शाळा जवळ येईल. त्याचबरोबर आणखी कोण कोण जवळ येईल, याचाही विचार आपण बायकांनी आत्ताच करायला हवा.

राबणारी एक, नाव दुसऱ्याचं

या गावांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला. माथाडी, गिरणी, गोदी, हॉटेल, आता टॅक्सी आणि कंपन्या. गणपतीला, गावच्या जत्रेला यायचं आणि परत जायचं. पेरणी, लावणी, गुरं, म्हातारी माणसं, रानडुकरांपासून पिकाची राखण, सगळं बाईच्या अंगावर. म्हणजे शेतकरी कोण? तीच.

एकदा गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना घरचा सातबारा घेऊन या. तर एक वहिनी हसून म्हणाली, "आवं ताई, आमचं नाव कशाला आसतंय कागदाला? ते मामंजींच्या नावावर हाय." मामंजी जाऊन वीस वर्षं झालेली! पुढच्या बैठकीला जे उतारे आले ते आम्ही एकेक करून वाचले. कुठं आजोबाच अजून जिवंत आहेत. कुठं थोरल्या दिरांचं नाव 'एकत्र कुटुंब प्रमुख' म्हणून लागलंय आणि बाकीच्या भावांचा पत्ता नाही. विधवा सासू, आत्या, नणंदा यांची नावं असलीच तर ती 'इतर हक्क' या रकान्यात. घरातल्या जुन्या सामानासारखी कोपऱ्यात! ज्या बायका त्या जमिनीत रोज उतरतात, त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं कब्जेदार म्हणून लागलेली होती.

"नाव नसलं म्हणून काय बिघडलं, जमीन काय कुठं पळून जातीय?" असं त्यांतल्या कितीजणी म्हणाल्या. पूर्वी हे चाललं असतं. उतारावरच्या नाचणीच्या तुकड्याला गिऱ्हाईक कोण होतं? आता तसं नाही. पाणी दिसणारी जमीन म्हटली की रिसॉर्टवाले, बंगलेवाले शोधत येतात. या भागातल्या गावांचा 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्प शासनानं पुढं आणला आहे. २०२४ साली कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावाचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत गाजलं. तिथली शेकडो एकर जमीन बाहेरच्या मोजक्या लोकांनी घेतल्याची तक्रार झाली आणि जमीन कमाल मर्यादा कायद्याखाली चौकशी लागली. त्या चौकशीत खरंखोटं काय ते ठरायचं तिथं ठरेल. आपण घ्यायचा तो धडा वेगळा आहे. ज्यांचं नाव कागदावर, त्यांच्या सहीनं व्यवहार होतो. सही मुंबईत होते आणि गावातल्या बाईला कळतं ते बांधावर तारेचं कुंपण पडल्यावर.

मिनांगकाबाऊंची गोष्ट

इथं मला इंडोनेशियातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. हजारो बेटांचा तो देश. त्यातल्या सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकाबाऊ नावाचा समाज राहतो. धर्मानं मुसलमान, व्यवसायानं मुख्यतः भातशेती. यांच्यात वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडं जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. तरुण मुलांनी गाव सोडून कमवायला जायचं, याला तिथं 'मरंताऊ' म्हणतात. म्हणजे पुरुष परगावी आणि बाई घर-शेत सांभाळतेय, अगदी आपल्या जावळीसारखंच! फरक एवढाच, की तिथं सांभाळणारीच्याच वंशात जमीन राहते.

तिथंही सगळं बाईच ठरवते असं समजू नका. घराण्याच्या कारभारात आईच्या भावाचा शब्द मोठा. त्याला म्हणतात 'मामाक'. आपला मामाच की! पण घराण्याची जमीन त्यालाही मनाला येईल तशी काढता येत नाही. विकायची तर नाहीच. गहाण टाकायची तरी परंपरेनं चारच कारणं सांगितली आहेत: घरातल्या मयताचं कार्य, लग्नाच्या वयाच्या मुलीचं लग्न, गळक्या घराची दुरुस्ती आणि घराण्याच्या प्रमुखाची स्थापना. काळाप्रमाणं तिथंही बदल होतायत, शहरं वाढतायत, स्वकष्टाची मिळकत वेगळी वाटली जातेय. तरीही जमिनीला हात लावण्याआधी घरातल्या बायकांना विचारावं लागतं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

कायदा आपल्या बाजूला आहे

आपल्याकडं रीत तशी नसली तरी कायदा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची विधवा, मुलगी आणि आई या मुलाच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाच्या वारस ठरल्या. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेद गेला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मुलीचा हक्क जन्मानं आहे.

नवरा हयात असताना मात्र बायकोला त्याच्या शेतात आपोआप मालकी मिळत नाही. त्यासाठी नवऱ्यानं मनावर घ्यावं लागतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यातून पुढं शरद जोशींचं 'लक्ष्मीमुक्ती' अभियान उभं राहिलं आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या. १९९२ साली शासनानंही परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव लावायची सोय केली. इकडं सांगली जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात परित्यक्ता बायकांनी मोर्चे काढून स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरापुरती जागा मागितली होती. म्हणजे ही वाट आपल्या आधीच्या बायकांनी पाडून ठेवली आहे.

आता माहेरच्या हक्काचं म्हणाल, तर तो नाजूक विषय. "भावाशी वाकडं कशाला? उद्या माहेर तुटलं तर?" हे मलाही ऐकू येतं. मी कुणाला भांडा म्हणत नाही. पण हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी ते वाचून घ्या, घाईनं किंवा जत्रेच्या गडबडीत करू नका. सोडायचं तर समजून-उमजून सोडा. साडी-चोळीच्या बदल्यात न बघता दिलेला अंगठा आणि विचार करून घेतलेला निर्णय, यांत फरक आहे.

एवढं तरी करा

पहिलं म्हणजे घरचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. सातबारा आता ऑनलाइनही निघतो, नातवंडं काढून देतील. मयताचं नाव असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि रहिवासाचे पुरावे जोडून वारसनोंदीचा अर्ज द्या. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. त्यांच्याकडं अर्ज दिला की पोच घ्या. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत ही वर्दी द्यायची असते, उशीर झाला तरी नोंद होते. अर्जात मुली, विधवा सून, सगळ्यांची नावं आली आहेत ना, ते बघा. नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. २०२५ साली शासनानं मयतांच्या जागी वारस लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली, तेव्हा आमच्या गटातल्या कितीतरी जणींचे कागद हलले. वाद झालाच तर घाबरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं किंवा तालुका विधी सेवा समितीकडं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो.

त्या हसणाऱ्या वहिनींचा अर्ज तीन वेळा परत आला. एकदा आडनावात चूक, एकदा मुंबईच्या दिरांची कागदपत्रं नाहीत म्हणून. दर खेपेला लाँच, पुढं गाडी, तिष्ठत बसणं आणि शेवटच्या लाँचला परत. सात-आठ महिन्यांनी नोंद झाली. सासूबाई, स्वतः वहिनी आणि दोन्ही नणंदा, सगळ्यांची नावं दिरांच्या बरोबरीनं लागली. गेल्या दिवाळीत जमिनीला गिऱ्हाईक आलं, तेव्हा पहिल्यांदाच त्या एजंटाला पाणी ओलांडून गावात यावं लागलं. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "इकायची न्हाय. इकायची झाली तर आमी पाचजणं बसून ठरवू, मग कळवू."