‘तारिणी’वरचा दिवस

10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघालेली ‘तारिणी’ 254 दिवसांनी, 21 मे 2018ला परतली. जेमतेम 17 मीटर लांबीच्या या शिडाच्या बोटीवर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. नेतृत्व वर्तिका जोशी यांच्याकडे होतं. बोटही गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली.

अशा सफरीत दिवस-रात्र हे शब्दच सैल पडतात. घड्याळापेक्षा पाळी महत्त्वाची. काही तास सुकाणूवर, काही तास झोप, आणि वारा फिरला की झोपेतूनही उठून शिडाशी झुंज. डेकवर जायचं तर पट्ट्याने बोटीला बांधून घ्यायचं, कारण रात्री लाटांमध्ये पडलेला माणूस सापडणं फार कठीण. बिछान्याच्या कडेला कापड ताणलेलं असतं, नाहीतर बोट कलली की झोपलेला माणूस खाली!

स्वयंपाक हा तर कसरतीचाच प्रकार. स्टोव्ह बिजागऱ्यांवर झुलता असतो. बोट तिरकी झाली तरी भांडं सपाट राहतं. ताज्या भाज्या पहिल्या काही दिवसांतच संपतात, मग डाळ-तांदूळ आणि डबाबंद अन्न. गोडं पाणी मोजून वापरायचं. जोराचा पाऊस आला, की अंघोळीची संधी.

नौदलाचेच अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, तेव्हा तर पाळी वाटून घ्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. एकट्या खलाशाला तुकड्यातुकड्यांनीच झोपावं लागतं, आणि उठल्यावर पहिली नजर क्षितिजावर: एखादं मोठं जहाज आपल्या दिशेनं येतंय का?